डोंगर रिकामा नव्हता

परवा एका चित्रप्रदर्शनात एक पांढरपेशा चित्रकार भेटला. आमच्या कविता वाचलेला. म्हणाला, ‘तुम्ही पोरं फार ओरडता बुवा. महिनाभर निसर्गात जाऊन राहा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानं कलावंतांना राहायला बोलावतात. रेसिडेन्सी म्हणतात तिला. चिऊरा ओबाताचं बघा. डोंगरात गेला आणि केवढी मुद्राचित्रं घेऊन आला!’

मी गोदीत माल उतरवतो. महिनाभर खाडे केले तर घरात चूल पेटत नाही. हे त्याला सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुझा ओबाता वाचतो, मग बोलतो. वाचला. आता बोलतो, आणि सगळ्यांदेखत बोलतो.

ओबाता जपानी माणूस. १९०३ साली अमेरिकेत आला. १९२७ च्या उन्हाळ्यात योसेमिटी आणि वरच्या सिएरा नेवाडात राहिला, शंभराहून जास्त चित्रं केली. ती घेऊन जपानला गेला आणि १९३० पर्यंत टोकियोच्या ताकामिझावा छापखान्यात ३५ चित्रांची मालिका लाकडी ठशांवरून छापून घेतली. त्यातलं डोंगरातल्या तळ्याचं चित्र मी पुस्तकात पाहिलं. खोटं कशाला बोलू? गप्प झालो. पाणी असं निळं की हात धुवावेसे वाटले.

पण मित्रांनो, गप्प बसून भागत नाही. मी हमाल आहे. माल दिसला की तो कुणी उचलला हे मी आधी विचारतो.

तर ऐका. या चित्रांसाठी ३२ कोरणारे आणि ४० छापणारे अठरा महिने राबत होते. एकेका चित्राला शंभराहून जास्त वेळा कागद ठशावर दाबावा लागला. निसर्गाची प्रेरणा एकाला झाली, पाठ बहात्तर जणांची मोडली. त्या बहात्तरांतलं एक नाव सांगा, चित्रकारसाहेब. नाही ना येत? मग निसर्गातून मुद्राचित्र जन्मतं ही भाकडकथा बंद करा. मुद्राचित्र कारखान्यात जन्मतं, मजुराच्या मनगटातून.

आता तुमचा निसर्ग. ती दरी आवानीची लोकांची. १८५१ साली मारिपोसा बटालियन बंदुका घेऊन घुसली. झोपड्या जाळल्या, खाण्यासाठी साठवलेली ओकची फळं जाळली, माणसं हाकलली. १८६४ साली लिंकननं कायद्यावर सही केली आणि दरी कॅलिफोर्निया राज्याकडे गेली, लोकांच्या सहलीसाठी. कुठल्या लोकांच्या, ते विचारू नका. ज्या मोकळ्या कुरणांना बघून चित्रकार ‘अस्पर्श, अस्पर्श’ म्हणतात, ती या आदिवासींनीच पिढ्यान्‌पिढ्या आग लावून, झुडुपं हटवून राखलेली. घामानं केलेलं शेत, आणि पाटी लावली देवाची!

काही जण परत आले, उद्यानातच मजुरीला लागले. पुढं नियम झाला : उद्यानात नोकरी असेल तोवर राहा, सुटली की चालते व्हा. १९६९ साली त्यांच्या शेवटच्या वस्तीतली घरंही जमीनदोस्त केली. पाहुण्या कलावंताला निवासाचं आमंत्रण, आणि ज्याच्या बापजाद्यांची दरी त्याला घर खाली करायची नोटीस. याही रेसिडेन्सीचं एखादं मुद्राचित्र दाखवा की साहेब!

आणि खुद्द ओबाता? १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं त्याच्यासारख्याला शेतजमीन विकत घेता येत नव्हती. जातीनं जपानी म्हणून १९५२ पर्यंत नागरिक होता येत नव्हतं. डोंगर रंगव, पण ढेकूळ तुझं नाही! १९४२ साली सरकारनं सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं तारेच्या कुंपणात कोंडली. ओबाता तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठात शिकवत होता. त्यालाही उचलला. आधी टॅनफोरानच्या रेसकोर्सवर, जिथं घोड्यांच्या तबेल्यांत कुटुंबं ठेवली होती. मग युटाच्या वाळवंटात टोपाझच्या छावणीत. तिथंही निसर्ग होताच की! धूळ होती, चंद्र होता, पहारेकरी होता. त्या माणसानं दोन्ही ठिकाणी कैद्यांसाठी चित्रशाळा काढली. शेकड्यांनी माणसं शिकली. मला विचाराल तर त्याची खरी रेसिडेन्सी ही. पण तुम्ही आम्हाला फक्त तळं दाखवता. छावणी लपवता.

लाकडी ठसा कसा होतो, तो आता मला कळलाय. जे लाकूड ठेवलं त्याला शाई लागते. जे कोरून फेकलं तिथं कागद कोरा राहतो. म्हणजे चित्रात जी मोकळी जागा दिसते, तिथं आधी लाकूड असतं. कुणीतरी पटाशीनं काढलेलं असतं. योसेमिटीची शांतता अशीच कोरून काढलेली आहे. तुमच्या प्रत्येक शांत निसर्गचित्राला मी हेच विचारणार : इथलं लाकूड कुठं टाकलंत?

मला निसर्गाचं वावडं नाही. माझ्या आजीला जंगल म्हणजे डोक्यावरची मोळी आणि पायातला काटा, इतकंच माहीत होतं. मलाही एकदा काही न उचलता डोंगर चढायचाय. तो माझा हक्क आहे, भीक नाही. जाईन तेव्हा पटाशी घेऊन जाईन. ठशावर तळं कोरीन, आणि तळ्याकाठी जळालेली झोपडीही कोरीन. बहात्तर जणांचा हात लागला तर बहात्तर नावं छापीन.

तोवर ओरडणार. शांत व्हायची घाई तुम्हाला आहे, आम्हाला नाही.