चित्र बिघडलं तरी चालेल

"डॉक्टर, छंद लावून घ्या म्हणता, पण मला चित्र काढता येत नाही हो." दवाखान्यात हे वाक्य ऐकलं नाही असा महिना जात नाही. बोलणारी व्यक्ती कधी बँकेतून निवृत्त झालेली असते, कधी शाळेत मुख्याध्यापिका असते, कधी चाळिशीतला आयटीवाला. रक्तदाब थोडा चढा, झोप तुटक, मान आणि खांदे आखडलेले, आणि तपासण्यांचे रिपोर्ट बहुतेक ठीक. अशा लोकांना मी अलीकडे अमूर्त चित्रांच्या किंवा कोलाजच्या कार्यशाळेला जायला सुचवतो. येत नाही, म्हणूनच जा, असंही सांगतो.

या कार्यशाळा आता बऱ्याच शहरांत होतात. दोन-तीन तास, मोठे कागद, मोठे ब्रश, जुनी मासिकं, कात्री, डिंक. समोर बघून काढायला काही नसतं. माझं मत असं की बहुतेक प्रौढांना याचा उपयोग होतो. पण तो नेमका कशामुळे होतो हे समजून घेतलं नाही, तर ही गोष्टसुद्धा आपण आणखी एक क्लास करून टाकू. आणि हे औषध आहे असं मानलं, तर नुकसानही होऊ शकतं. या दोन्ही बाजू आज मांडतो.

"मला येत नाही" हे कुठून आलं?

लहान मूल कधीच म्हणत नाही की मला चित्र काढता येत नाही. ते भिंतीवर सुद्धा काढतं. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास मात्र मुलांना आपलं चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटू लागतं आणि तिथूनच तुलना सुरू होते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड एवढ्यावर बहुतेकांचा प्रवास थांबतो. काही जण पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि शेवटी ग्रेड. या परीक्षांनी कित्येकांच्या हाताला वळण लावलं, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ज्यांना ग्रेड मिळाली नाही, किंवा जे बसलेच नाहीत, त्यांनी रंगपेटी कायमची बंद केली. चित्र म्हणजे एकतर जमणं किंवा न जमणं, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलं.

चित्र काढलं नाही म्हणून कुणी आजारी पडत नाही. अडचण वेगळी आहे. हाच परीक्षक पुढे प्रत्येक कामात आपल्या खांद्यावरून डोकावत राहतो. पोळी गोल झाली का, प्रेझेंटेशन नीट झालं का, मुलाचे मार्क किती, आजचं पावलांचं टार्गेट पूर्ण झालं का. आपलं मूल्यमापन चालू आहे असं वाटलं की शरीराची सिंपथेटिक मज्जासंस्था जागी होते. नाडी वाढते, स्नायू ताठ होतात, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात. अधूनमधून असं होणं चांगलंच, त्याशिवाय परीक्षा पार पडत नाहीत. दिवसभर, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर झोप, पचन, रक्तदाब सगळ्यावर त्याचा भार पडतो. म्हणून आठवड्यातून दोन तास तरी, जिथे मार्कच नाहीत असं काहीतरी हातांना मिळायला हवं.

अमूर्तच का? कोलाजच का?

घोडा काढायला घेतला आणि पाय चुकले, तर ते लगेच कळतं. घोडा कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे. कागदावर निळ्या रंगाचा एक पट्टा ओढला तर तो चुकला असं म्हणायला मोजमापच नाही. त्याच्या शेजारी काय हवंय एवढाच प्रश्न उरतो. ब्रश मोठा असतो, कधी रोलर, कधी स्पंज, कधी मुदत संपलेलं एटीएम कार्ड. त्यामुळे बोटं आवळून, मनगटाने बारीक काम करण्याऐवजी खांद्यापासून हात फिरतो. दिवसभर माउस धरून आखडलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो.

आपल्याकडे अमूर्त चित्रांची परंपरा मोठी आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवत, खरवडत. मात्र त्यांची चित्रं बघून "हे तर कुणीही करेल" असं म्हणू नका. ते दीर्घ काळ विचार करत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. कार्यशाळेत आपण त्यांची साधनं उसनी घेतो, त्यांची साधना नाही. हा फरक लक्षात ठेवला की आपलं चित्र भारी आहे का हा प्रश्नच गळून पडतो.

कोलाजचा फायदा आणखी वेगळा. कोरा कागद बघून अनेकांचा हात थांबतो. कोलाजमध्ये सुरुवात कोऱ्यातून होत नाही, हाताशी आधीच काहीतरी असतं. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, साडीच्या दुकानातली पिशवी. तुकडा ठेवा, सरकवा, उलटा करा, काढून टाका. चिकटवेपर्यंत काहीच पक्कं नसतं. ज्यांना निर्णय घ्यायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी हा छोट्या-छोट्या निर्णयांचा बिनधोक सराव आहे. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली कागद चिकटवून चित्रं केली आणि कोलाजला आधुनिक कलेत स्थान मिळालं. पण जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना तुकड्यांमधून नवं उभं करणं काही नवीन नव्हतं.

आजारपणाच्या संदर्भात मला फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. १९४१ साली आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचा बराच काळ अंथरुणात आणि चाकांच्या खुर्चीत गेला. कॅनव्हाससमोर उभं राहून काम करणं अवघड झालं. मग सहायक कागद रंगवून देत आणि ते कात्रीने थेट आकार कापत. त्यातूनच १९४७ मध्ये 'जॅझ' हे त्यांचं पुस्तक आलं, आणि १९५४ साली मृत्यू होईपर्यंत ते काम करत राहिले. कात्रीने त्यांचा कर्करोग बरा केला नाही, ते काम शल्यचिकित्सकांनी केलं. पण उरलेल्या शरीराला जे जमत होतं तेवढ्यावर ते पुढे गेले. माझ्या संधिवाताच्या रुग्णांना मी याच्याही पुढे जाऊन सांगतो, कात्री धरवत नसेल तर कागद फाडा. फाडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा अनेकदा छान दिसते.

पुरावा काय सांगतो?

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती किंवा कोलाजचं साहित्य देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं. चित्रकलेचा पूर्वानुभव असणं-नसणं याने फारसा फरक पडला नाही. "येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

पण डॉक्टर म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसतं ४५ मिनिटं शांत बसून गप्पा मारल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही. उरलेल्या पाव लोकांमध्ये कॉर्टिसॉल कमी झालं नाही. शिवाय हा परिणाम त्या तासापुरता मोजलेला आहे, वर्षभराचा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळणं, आरोग्य राखणं, उपचारांना साथ देणं अशा अनेक ठिकाणी कलेचा हातभार लागतो असं त्यात दिसलं. पण सगळेच अभ्यास सारख्या दर्जाचे नसतात. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठी चाचणी आली. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवरच्या या चाचणीत नेहमीच्या उपचारांना गट-कलोपचाराची जोड देऊन पाहिली. दोन वर्षांनी लक्षणांत किंवा दैनंदिन कामकाजात फरक आढळला नाही. अनेक रुग्ण सत्रांना फारसे आलेच नव्हते. योगायोग बघा, त्या चाचणीचं नाव 'मातीस' असंच होतं.

यातून मी एवढंच काढतो की मनाच्या गंभीर आजारावर कार्यशाळा हा उपाय नाही. रोजच्या ताणाने आवळलेल्या, एरवी बऱ्या असलेल्या माणसाला मात्र ती थोडा वेळ सैल करते. आणि तेवढंही कमी नाही.

मोकळेपणालाही चौकट लागते

आणखी एक अभ्यास इथे उपयोगी आहे. २००५ साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आधी थोडं चिंतेत पाडून मग रंगवायला बसवलं. मंडलासारखी आखलेली आकृती रंगवणाऱ्यांची चिंता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे "हा घ्या कागद, व्हा मोकळे" असं म्हटल्याने माणूस मोकळा होत नाही, उलट बावरतो.

म्हणून चांगली कार्यशाळा ओळखायच्या माझ्या खुणा अशा:

- शिकवणारी व्यक्ती छोट्या मर्यादा घालून देते. तीनच रंग, दहाच मिनिटं, फक्त फाडलेले कागद.
- तुमच्या चित्रावर हात फिरवून ते "सुधारून" देत नाही.
- "काळा वापरलात म्हणजे मनात दुःख आहे" असले निष्कर्ष काढत नाही. एखाद्या रंगावरून स्वभाव किंवा आजार ओळखता येतो याला भरवशाचा आधार नाही.
- चित्र सगळ्यांना दाखवण्याची किंवा ग्रुपवर फोटो टाकण्याची सक्ती नसते.
- मधुमेहापासून नैराश्यापर्यंत काहीही बरं करण्याचं आश्वासन देत नाही.

शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. 'आर्ट थेरपी' हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये, क्षयरोगातून बरं होतानाच्या स्वतःच्या अनुभवावरून वापरात आणला. आज ते प्रशिक्षण घेऊन करायचं काम आहे. रविवारची कार्यशाळा म्हणजे थेरपी नव्हे, आणि तिने तसं म्हणवून घेऊ नये. "आमच्याकडे या, गोळ्यांची गरज राहणार नाही" असं कुणी म्हणालं, तर पैसे परत मागा आणि घरी या.

घरी करून बघायचं असेल तर

यासाठी महागडं सामान लागत नाही. पोस्टर कलरच्या तीन बाटल्या, एक रुंद ब्रश, जुनी वर्तमानपत्रं आणि डिंक नसेल तर मैद्याची खळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या कागदावर पाच मिनिटं फक्त रंग पसरवा, काही बनवायचं नाही. तो वाळेपर्यंत मासिकातून आवडलेले दहा तुकडे फाडा. मग ते त्यावर मांडून बघा, त्यातले निम्मे काढून टाका, उरलेले चिकटवा. अर्ध्या तासात आटपा. घरच्यांनी "हे काय आहे?" असं विचारलं तर उत्तर द्यायची गरज नाही. हे खास करून त्या बायकांना सांगतो, ज्यांनी वर्षानुवर्षं सासू-सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं आजारपण काढलं आणि ज्यांच्या प्रत्येक अर्ध्या तासाचा हिशोब घराला द्यावा लागतो. "याचा उपयोग काय?" या प्रश्नातून सुटलेला अर्धा तास तुमच्या वाट्याला यायलाच हवा.

एवढी काळजी घ्या

दमा असेल तर टर्पेंटाइनसारखे उग्र वासाचे द्रव टाळा, पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंग घ्या. मधुमेहामुळे बोटं बधिर असतील तर कटर वापरू नका, जखम झालेली कळत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रंग आणि डिंक यांच्यासोबत एकटं सोडू नका. अर्ध्या तासाने उठून मान, पाठ मोकळी करा.

काही वेळा रंगवताना जुनं दुःख अचानक वर येतं, रडू येतं. थोडं रडून बरं वाटलं तर ठीक. पण त्यानंतर अस्वस्थता वाढत गेली तर थांबा आणि जाणकार व्यक्तीशी बोला. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, कार्यशाळा नंतर. जगू नये असे विचार येत असतील तर क्षणभरही थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा, आणि 'टेली मानस' ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

माझ्या यादीत चालणं, झोप आणि वेळेवर जेवण आजही वरच आहेत. पण त्यांच्याही मागे आपण पावलं, तास आणि कॅलरी मोजत फिरतो. रंगांचा हा उद्योग मी सुचवतो, कारण यात मोजायला काही नाही. पहिलं चित्र बहुधा चिखलासारखं होईल. ते वाळू द्या, आणि पुढच्या आठवड्यात त्याच कागदावर दुसरं सुरू करा.