बोळातली मेरी

रोममध्ये होतो आणि दिवाळी आली. करमेना, म्हणून भटकत एका बोळात शिरलो. तिथे कमानीतल्या मेरीचे, ‘आर्केत्तो’चे, देवघराएवढे प्रार्थनामंदिर आहे. चित्र १६९० चे. १६९६ पासून ते बोळातच, कमानीखाली होते. त्या काळी रोमला रस्त्यावर सरकारी दिवे कुठले? मेरीच्या अशा कोनाड्यांपुढे तेलाचे दिवे तेवत, त्यांच्याच उजेडात माणसे घर गाठीत. १७९६ च्या जुलैत, नेपोलियनच्या फौजेची धास्ती असताना, तिचे डोळे हलले म्हणून सारा गाव लोटला. मला काही हसू आले नाही बुवा! मंदिर झाले ते १८५१ मध्ये. नाणे टाकून मीही मेणबत्ती लावली. घरी पणत्या लावायला आई एकटीच होती.