पब नको म्हणता, मग बाईने बसायचं कुठे?

‘पबसंस्कृती’ हा शब्द मराठीत शिवीसारखाच वापरला जातो. बातमीत, भाषणात, कीर्तनात, फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये. जानेवारी २००९ मध्ये मंगळुरूच्या एका पबमध्ये टोळकं घुसलं, मुलींना मारत बाहेर काढलं. मी तेव्हा शाळेत होते. टीव्हीवर ती दृश्यं चालू असताना आमच्या ओट्यावर एकच प्रश्न होता : ‘पण मुली तिथे गेल्याच कशाला?’

उत्तर एका शब्दाचं आहे. बसायला.

मी असोद्याची. जळगावच्या शेजारचं गाव, बहिणाबाई चौधरींचं माहेर. सध्या नोकरीसाठी आयर्लंडमध्ये गॉलवेला राहते. इथे कॉरिब नदी समुद्राला मिळते आणि त्या काठाच्या आसपास पबच पब आहेत. शुक्रवारी रात्री त्यातल्या एकात गेले. एकटी. बाहेर पाऊस, आत इतकी गर्दी की छत्री मिटायला जागा नाही. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसते सरकले. मी बसले.

कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ जण वाजवत होते. स्टेज नाही, माईक नाही. फिडल, बासरी आणि बोरान. हे बोरान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला, हातात धरायचा डफच. फक्त लाकडी टिपरीने वाजवतात. वाजवणाऱ्यांत कॉलेजातली मुलगी होती, प्लंबरचा युनिफॉर्म घातलेला माणूस होता. कोणी नवीन आला की खुर्ची ओढायचा, पेटी उघडायचा, चाल ओळखीची असली की सुरू. माझ्या शेजारच्या टेबलावर दोघी चहा पीत होत्या. (मी अर्धा पिंट घेतला. आईला माहीत आहे.)

मग सत्तरीच्या एक बाई गायला लागल्या. वाद्यं थांबली. आयरिश भाषेतलं, कसलीही साथ नसलेलं गाणं. या जुन्या पद्धतीला तिकडे ‘शान-नोस’ म्हणतात. बाईंनी डोळे मिटले होते. काउंटरवरच्या पोराने हातातला ग्लास आवाज न करता ठेवला. पूर्ण पब गप्प. मला शब्द कळला नाही, पण ही पट्टी, ओळीच्या शेवटी लांबवलेला हा श्वास मी जात्यावरच्या गाण्यात ऐकलेला आहे.

तीन तास मी तिथे होते. ‘कोणासोबत आलीस?’ असं मला कोणीही विचारलं नाही.

आता इथे कोणीतरी म्हणेल, त्यांचं बरं आहे, त्यांची संस्कृतीच तशी. मुळीच नाही. आयरिश पब ही पुरुषांचीच जागा होती. बायका आल्याच तर त्यांना ‘स्नग’ नावाच्या कोंदट खोपटात बसवायचे, लाकडी पार्टिशनच्या आड, म्हणजे कोणाला दिसू नयेत. अनेक पबांत बाईला पूर्ण पिंट देत नसत. अर्धा घ्या, नाहीतर जा. १९७० च्या दशकात नेल मॅकॅफर्टी ही पत्रकार तीसेक बायकांना घेऊन डब्लिनच्या एका पबात गेली. सगळ्यांनी ब्रँडी मागवली. ती आल्यावर एकीसाठी पिंट मागितला. मिळाला नाही. मग त्यांनी ब्रँडी पिऊन टाकली आणि पैसे न देता निघून आल्या. बाई आहे म्हणून सेवा नाकारणं कायद्याने बंद झालं ते २००० च्या समान दर्जा कायद्याने. म्हणजे कालपरवा. गुड फ्रायडेचा ‘ड्राय डे’ १९२७ पासून होता, तो २०१८ मध्ये उठला. पंतप्रधान तेव्हा लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. असो.

म्हणजे माझ्यासाठी सरकून झालेली ती वीतभर जागा भांडून मिळालेली आहे.

आमच्याकडे काय? पार पुरुषांचा. चहाची टपरी पुरुषांची. एसटी स्टँडचा कट्टा पोरांचा. विहिरीवर बायका भेटायच्या, तिथे नळ आला. बरंच झालं, पाठी वाचल्या, पण भेटही गेली. उरलं हळदीकुंकू, तिथे विधवेला अजून दारातच अवघडायला होतं. आणि भजन.

खानदेशाचा खरा पब म्हणजे भरीत पार्टी. थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी-पांढरी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. रात्री अकरापर्यंत शेकोटी, गप्पा, कोणीतरी गाणं म्हणतो, मोटारपंपाच्या खोलीवर टेकून कोणीतरी रडतोही. असोद्याच्या वांग्याचं नाव आहेच. पण या रात्री बाई कुठे असते? घरी. पुऱ्या लाटून डबा पाठवून दिलेला असतो. बायका-मुलांची पार्टी असते, ती दुपारी. उन्हं कलली की ‘चला, आवरा’.

बहिणाबाई शेतात आणि घरात गायल्या, कारण दुसरीकडे गायला जागाच नव्हती. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतलं तेवढं वाचलं. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. नाव दिलं ते उत्तमच. पण त्यांच्यासारखं गाणं डोक्यात घेऊन फिरणारी बाई आज रात्री नऊला कुठे जाऊन बसेल, यावर कोणी परिसंवाद घेत नाही.

आणि कृपा करून दारूचा मुद्दा काढू नका. मी गावात बार मागत नाहीये. हातभट्टीने काय होतं ते गावच्या बाईला संस्कृतिरक्षकापेक्षा जास्त कळतं. आडव्या बाटलीला मत देऊन दुकानं बंद पाडणाऱ्या त्याच. पण दारू काढून टाकली तरी प्रश्न जागच्या जागी आहे. पारावर कुठे दारू असते? तरी बाई तिथे बसत नाही.

पुण्या-मुंबईतले ‘आयरिश’ पब हेही उत्तर नाही. आयरिश पब पॅक करून विकण्याचा धंदा १९९० च्या दशकात डब्लिनहूनच सुरू झाला. गिनेसने त्याला हात दिला. लाकडी काउंटर, जुन्या पाट्या, सगळं कंटेनरमधून जगभर. पुण्यात अशा एका ठिकाणी गेले होते. दारात एकट्या मुलांना अडवत होते, बायकांना एक ड्रिंक फुकट, आत डीजे इतका मोठा की शेजारचीचं नाव विचारायला ओरडावं लागलं. सरकून जागा देणारे आजोबा कंटेनरमधून येत नाहीत.

त्या रात्रीचं मी फोनवर आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हातारी बाई सगळ्यांसमोर गाते? आन् कोनी काही म्हनत नाही?”

गावोगावी समाजमंदिरं बांधलेली आहेत. फरशी आहे, ट्यूबलाइट आहे, बाहेर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी आहे. रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, बायकांसाठी संडास बांधा, चहाची एक शेगडी ठेवा. भरिताची वांगी आम्ही आणू. तुमच्या गावातल्या समाजमंदिराची किल्ली रात्री कोणाच्या खिशात असते, ते उद्या विचारून बघा.