संगणक आला, वही का मिटेना?

परिशिष्ट ‘टी’ने २००० साली प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद बंधनकारक केली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि अनेक निर्माणशाळांत संगणकप्रणालीही आली. तरीही जुने भांडारपाल वही सोडीत नाहीत, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. आमच्या मते दोष त्यांचा नव्हे. गुळवेल, गुडूची, अमृता एकच, हे ते जाणतात. तीन नावांनी भरल्यास प्रणाली मात्र तीन साठे दाखविते. अवलेहाच्या पाकास तार आली, हे नोंदविण्यास तीत रकानाही नसतो. म्हणून द्रव्यनामांची सूची प्रथम त्यांच्याकडूनच करवून घ्यावी, काही महिने वही व संगणक सोबत चालवावेत. चुकीच्या नोंदीखाली अखेर स्वाक्षरी आपलीच असते, याचे वैद्यबंधूंनी भान ठेवावे.