कोऱ्या चौकोनात काय भरावे?

गेल्या पावसाळ्यात भाचीसाठी गोधडी करायला घेतली. आईच्या तीन जुन्या सुती साड्या आणि आजोबांचे एक धोतर, एवढेच भांडवल. साड्यांची ३ इंची ठिगळे जोडून नऊ-नऊ ठिगळांचे ९ इंची चौकोन केले आणि त्यांच्या मधेमधे धोतराचे तेवढेच पांढरे चौकोन बसवले. आडवे पाच, उभे सात. म्हणजे १८ ठिगळांचे आणि १७ कोरे. आठ दिवसांत वरचा थर शिवून झाला आणि मग तीन महिने कपाटात पडून राहिला. कारण त्या १७ कोऱ्या चौकोनांत दोरे कसे घालायचे, तेच ठरेना!

गोधडी करणाऱ्या हौशी मैत्रिणींना हा पेच ठाऊक असेल. ठिगळांच्या चौकोनात टाका थोडा वाकडा गेला तरी रंगीत छापांत लपून जातो. साध्या कापडावर मात्र प्रत्येक टाका उजेडात येतो. त्यातून ते धोतर आजोबांचे. वापरून वापरून इतके विरलेले की, एकदा घातलेला टाका उसवायचा म्हटले तरी कापड हाताशी येण्याची भीती. आणि बदली द्यायला दुसरे धोतर नव्हते.

याआधी मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले होते. भरतकामाच्या पुस्तकातला एक देखणा मोर उचलला आणि दुलईच्या प्रत्येक साध्या चौकोनाच्या मधोमध बसवला. मोर पाच इंचांचा, चौकोन नऊ इंचांचा. मोराच्या कडेपासून चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ चार इंच जागा बिनदोऱ्याची राहिली. आत पिंजलेला कापूस होता. पहिल्याच धुण्यात तो सरकला आणि कोपऱ्याकोपऱ्यांत त्याचे गोळे झाले. मोर तेवढा पाट्यासारखा सपाट!

तेव्हा नक्षी निवडण्याआधी, आत काय भरले आहे ते पाहा. सुटा पिंजलेला कापूस असेल तर दोऱ्यांच्या ओळींत दोन-अडीच इंचांहून जास्त अंतर नको. जुन्या साड्यांचे थर असतील तर ते गोळा होत नाहीत, फक्त सरकतात व फुगतात. तिथे चार बोटे अंतर चालते. बाजारात मिळणारी पॉलिएस्टरची तयार लादी असेल तर आणखी मोकळीक मिळते. कागदावर नक्षी कितीही सुरेख दिसो, चौकोनात मोठी रिकामी जागा सोडणारी असेल तर ती गोधडीची नव्हे.

दुसरी गोष्ट मला मोराने शिकवली. भरतकामाची नक्षी आणि गोधडीची नक्षी यांत मूळचाच फरक आहे. भरतकामात आपण दोरा पाहतो. गोधडीत दोरा जिथून जातो तिथे कापड दबते आणि दोन ओळींमधला भाग वर येतो. डोळ्याला भावतो तो हा फुगवटा. म्हणून मोराचा डोळा, पोपटाची चोच असले बारीक काम जाड थरांतून उमटतच नाही. इंचाला चार-पाच टाके बसतात, तिथे चोच कसली काढणार! मोठ्या, गुबगुबीत आकारांची पाने, पाकळ्या, शंख, लाटा असे काही घ्यावे.

तरीही मोरच हवा असेल, तर बंगालच्या कांथाकडे पाहा. तिथल्या बायका आकृती काढून थांबत नाहीत. भोवतालची पांढरी जमीनही बारीक धावदोऱ्याने भरून काढतात. त्यामुळे कापडावर पाण्यासारख्या लहरी उठतात आणि थरही घट्ट बसतात. मेहनत मात्र चौपट.

माझ्या पांढऱ्या चौकोनांसाठी मी प्रथम रांगोळीच्या वहीकडे वळले. ठिपक्यांच्या रांगोळ्या मापात बसतात, चारी बाजूंनी सारख्या असतात. स्वस्तिक आणि लक्ष्मीची पावले काढायचे जवळजवळ ठरलेही होते. आईने वही पाहिली आणि म्हणाली, “अगं, पोर ती पायाखाली घेणार, लाथाडणार. देव्हाऱ्यातलं देव्हाऱ्यात राहू दे.” मला पटले. कमळ आणि वेल यांना तिची हरकत नव्हती.

मग शेजारच्या चौकोनांचा विचार केला. ठिगळांचे चौकोन म्हणजे सगळ्या सरळ रेषा. त्यांच्या मधे पुन्हा चौकडीची जाळी घातली तर सगळी गोधडी वहीच्या पानासारखी दिसेल. सरळ रेषांच्या शेजारी गोलाई खुलते, म्हणून आठ पाकळ्यांचे फूल ठरवले. शेजारी गोल पंख्यांचे किंवा फुलांचे चौकोन असते, तर मी उलट सरळ जाळीच घेतली असती. सतराही चौकोनांत एकच फूल ठेवले. प्रत्येकात वेगळी नक्षी घालण्याचा मोह होतो, पण नजर कुठेच ठरत नाही.

हे फूल काढायला चित्रकला यावी लागत नाही. ८ इंची चौकोनी कागद एकदा मधोमध, पुन्हा मधोमध आणि तिसऱ्यांदा कर्णावर दुमडा. उघड्या बाजूला बाहेरून गोलाई देऊन कापा. उलगडले की आठ पाकळ्या तयार, आणि घड्या म्हणजे पाकळ्यांमधल्या रेषा. या सगळ्या रेषा एका बिंदूत मिळवू नका, तिथे टाक्यांची गाठ होऊन कापड ताठरते. मधे लहान मुलीची बांगडी ठेवून वर्तुळ काढा आणि रेषा तिथेच थांबवा. कडेने अर्धा इंच जागा सुटते ती मुद्दाम, कारण तिथे जोडाच्या मुडपलेल्या कडा असतात आणि सुई जात नाही. कोपऱ्यांत अडीच इंचांहून कमी जागा उरते, ती चालते.

एक चौकोन असा कापून गोधडीवर टाचा आणि आठ-दहा पावले मागे जाऊन पाहा. जवळून सगळेच छान दिसते.

आखायला शिंप्याचा निळा खडू वापरला. आधी चिंधीवर धुऊन पाहिला. बॉलपेन चुकूनही नको. दोरा पांढराच घेतला. रंगीत दोरा आपल्या टाक्यांची लांबी-आखूड चारचौघांत सांगत सुटतो. ठिगळांच्या चौकोनांतून फक्त कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या दोन तिरक्या ओळी घेतल्या आणि त्यांना समांतर आणखी काही.

काम चालू असताना आई एकदा म्हणाली, “तुझ्या आजीने एवढा विचार केला नसता. कडेपासून धावदोरा सुरू करून फिरत फिरत मधे आली असती.” खरेच आहे. कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रियाही त्यांची कवंदी अशीच कडेपासून आत शिवत नेतात. चौकोनांची पर्वा न करता सबंध गोधडीभर जाणाऱ्या त्या ओळी टिकायला सर्वांत उत्तम. घाई असेल किंवा नक्षी सुचतच नसेल, तर बेलाशक तेच करा. मला मात्र आजोबांचे धोतर वेगळे उठून दिसायला हवे होते.

नवव्या चौकोनात एक पाकळी बरीच लठ्ठ झाली. उसवायला सुई लावली तर कापड चरचरले, तशीच सोडून दिली. गोधडी भाचीच्या हाती पडल्यावर तिने पहिल्याच रात्री ती शोधून काढली. आता झोपताना तिचा अंगठा त्या पाकळीवरच असतो, असे वहिनी सांगत होती.