अनोळखी जनुक बिनमहत्त्वाचे नसते

मानवी जनुकसंच वाचून झाला, आता फक्त औषधे शोधायची राहिली, असा समज सुशिक्षितांत पक्का रुजला आहे. त्याचा एक जोडसमज आहे आणि तो मला जास्त घातक वाटतो. एखाद्या जनुकाबद्दल इतक्या वर्षांत कोणी काही लिहिले नसेल, तर त्यात काही नसणारच. असते तर एव्हाना कळले असते, असे म्हटले जाते. ऐकायला हे व्यवहारी वाटते, म्हणूनच त्याचे खंडन नीट करायला हवे.

नवव्या गुणसूत्रावर सी९ऑर्फ७२ नावाचे जनुक आहे. काम ठाऊक नसलेल्या जनुकांना असा नुसता पत्ता सांगणारा क्रमांक मिळतो. २०११ पर्यंत त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. दुसरीकडे काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दोन आजार जोडीने चालत आले होते. एएलएसमध्ये हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. शर्टाचे बटण लागेनासे होते, मग जीभ जड होते, घास उतरत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात बहुधा विस्मरणाच्या आधी स्वभावच बदलतो. प्रेमळ माणूस घरच्यांशी परक्यासारखा वागू लागतो. दोष नवव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे हे २००६ पासून माहीत होते, तरी तो हाती लागायला पाच वर्षे गेली. २०११ साली अमेरिकेतील रोझा राडेमाकर्स आणि ब्रायन ट्रेनॉर यांच्या गटांनी तो एकाच सुमारास दाखवला. सी९ऑर्फ७२ मध्ये डीएनएची जीजीजीजीसीसी ही सहा अक्षरांची जुळणी निरोगी माणसांत लागोपाठ साधारणपणे तीसपेक्षा कमी वेळा येते. रुग्णांत ती शेकडो, कधी हजारो वेळा येते. युरोपीय वंशाच्या लोकांत या दोन्ही आजारांचे सर्वांत जास्त आढळणारे आनुवंशिक कारण तेच निघाले.

मग ते आधी का कळले नाही? पुनरावृत्ती जनुकाच्या ज्या भागात आहे, तो भाग सहसा प्रथिनात उतरत नाही, आणि इतकी लांब, एकसुरी अक्षरमाला नेहमीच्या वाचनयंत्रांना पेलत नव्हती. उणीव आपल्या साधनांत होती. तिचे खापर जनुकावर फोडायचे कारण नाही.

साधनांइतकीच सवयही दोषी आहे. २०१८ मध्ये टोमास स्टोएगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरचे संशोधनसाहित्य तपासले. १९९१ पर्यंत ज्यांच्यावर काही लिहिले गेले होते, ती जनुके एकूण जनुकांच्या सुमारे १६ टक्के. पण २०१५ सालचे जवळपास निम्मे लेखन त्यांच्यावरच होते. म्हणजे जुन्या पिढीला जे सोपे पडले, तेच नवी पिढी गिरवत राहिली. त्याच अभ्यासानुसार, कमी अभ्यासलेल्या जनुकांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना पुढे स्वतःची प्रयोगशाळा मिळण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी गाईडने विद्यार्थ्याला मळलेली वाट दाखवली, तर मी त्याला दोष देणार नाही. दोष ती वाट सुरक्षित आणि दुसरी धोक्याची करून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आता नवा पूर्वपक्ष येतो: अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने जवळपास सगळ्या मानवी प्रथिनांच्या आकृत्यांचे अंदाज दिले, मग प्रयोगशाळेत घाम गाळायचा कशाला? अल्फाफोल्डचे मोल मोठेच आहे. २०२४ च्या नोबेलमध्ये त्याचा गौरव झाला तो योग्यच. पण आकार कळला म्हणजे काम कळले, असे होत नाही. सी९ऑर्फ७२ चे प्रथिन एसएमसीआर८ आणि डब्ल्यूडीआर४१ या दोन प्रथिनांना धरून राहते. या त्रिकुटाची रचना २०२० मध्ये प्रत्यक्ष प्रयोगाने दिसली. पेशीतला कचरा मोडून पुन्हा वापरण्याच्या यंत्रणेशी त्याचा संबंध आहे, इतपत एकमत आहे. ते नेमके कोणत्या रेणूवर, कधी आणि कशासाठी काम करते, यावर अजून वाद आहेत.

ते काम शोधायला उंदीरच लागले. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या चेतापेशी मरतील, असा अंदाज होता. तसे झाले नाही. त्यांची प्लीहा आणि लसिकाग्रंथी सुजल्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली. पुढे तर एकाच बदलाचे उंदीर दोन संस्थांत वेगळे वागले. हार्वर्डमधले आजारी पडून लवकर मरत होते, ब्रॉड इन्स्टिट्यूटमधले तगत होते. केव्हिन एगन यांच्या गटाने २०२० मध्ये कारण मांडले: आतड्यातल्या जीवाणूंचा फरक. ते जीवाणू बदलले की दाह उतरत होता. मेंदूच्या आजारासाठी शोधलेले जनुक प्रतिकारशक्ती आणि आतड्यातले जीवाणू यांच्यामधल्या व्यवहारात सापडावे, हे कोणत्याही संगणकाने आधी सांगितले नव्हते. मला या प्रयोगाचे मोल फार वाटते.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: आपल्यासारख्या देशात क्षयाला, मधुमेहाला पैसा पुरत नाही, तिथे ही चैन कशाला? चिंता खरी, पण निष्कर्ष चुकीचा. सी९ऑर्फ७२ च्या दोषयुक्त संदेशरेणूंवर बेतलेल्या एका औषधाची चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली, कारण रुग्णांना फायदा दिसला नाही. हानी प्रथिन कमी पडल्याने होते, की साचलेल्या आरएनएने, की त्या पुनरावृत्तीतून तयार होणाऱ्या विषारी साखळ्यांनी, हे ठरलेले नसताना औषध बनवणे अंधारात तीर मारण्यासारखे आहे. ज्ञानाचा पाया कच्चा ठेवून वाचवलेला पैसा पुढे अशा चाचण्यांत कितीतरी पटीने जातो.

उलट उदाहरणही आहे. फॅम३८ए या जनुकाकडेही कोणी बघत नव्हते. अमेरिकेत आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत बेर्ट्रां कोस्ट पेशीला बारीक काचनळीने टोचत होते आणि निवडलेली ७२ जनुके एकेक करून गप्प करत होते. यादीतले अखेरचे जनुक गप्प केल्यावर टोचण्याला मिळणारी पेशीची विद्युत्‌प्रतिक्रिया थांबली. आज त्या जनुकाला पीएझो१ म्हणतात. त्याच्या जोडीच्या पीएझो२ मुळे स्पर्श कळतो, आणि या शोधाला २०२१ चे नोबेल मिळाले. आधीच नामवंत असलेल्या जनुकांवरच थांबले असते, तर ते तिथवर पोचलेच नसते.

भारतापुढे हा प्रश्न आता थेट उभा आहे. जीनोमइंडिया प्रकल्पातले दहा हजार भारतीयांचे जनुकसंच जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. ते फरिदाबादच्या डेटा केंद्रात आहेत. त्यातले अनेक फरक ज्या जनुकांत आहेत, त्यांचे कामच ठाऊक नसेल, तर रुग्णाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ हाच शेरा पडत राहणार. म्हणून माझी मागणी साधी आहे. जनुकसंशोधनाच्या सरकारी निधीतला ठरावीक वाटा अनोळखी जनुकांसाठी राखून ठेवा, आणि त्याची मुदत पीएचडीपेक्षा लांब द्या. ‘काही सापडले नाही’ हा निकालही छापण्याजोगा माना. आणि असा विषय घेणाऱ्या तरुणाची नेमणूक करताना लेखांची संख्या मोजू नका, त्याने प्रश्न कोणता निवडला ते बघा.