वाशिम मध्यरेषेवर आहे का?

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची, म्हणजे रेखांश मोजण्याच्या मूळ दक्षिणोत्तर रेषेवरची, ठिकाणे सांगताना कांची, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्यासोबत वत्सगुल्माचेही नाव घेतले. शहरातल्या मध्यमेश्वराचे नाव याच परंपरेशी जोडले जाते. या उल्लेखाचा जिल्ह्याला वाटणारा अभिमान रास्त आहे. मात्र वाशिम खरोखर त्या रेषेवर आहे का, हा प्रश्न नुसत्या अभिमानाने सुटणार नाही. तो गणिताने सोडवायला हवा, आणि निर्देशक भूमिती शिकलेल्या शाळकरी मुलांना तो सोडवता येतो.

आलेखावर बिंदू रेषेला टेकलेला दिसला म्हणून तो रेषेवर ठरत नाही. पेन्सिलीच्या जाडीत पुष्कळ चूक लपते. बिंदूचे निर्देशक समीकरणात घालायचे आणि समानता टिकते का ते पाहायचे, हीच कसोटी. परंपरेप्रमाणे मध्यरेषा उज्जैनमधून धरली, तर तिचे समीकरण साधे आहे: रेखांश बरोबर सुमारे ७५.८ अंश पूर्व. वाशिमचा रेखांश सुमारे ७७.१. फरक १.३ अंशांचा, म्हणजे जमिनीवर जवळपास १४० किलोमीटरचा. काटेकोर उत्तर स्पष्ट आहे: वाशिम त्या रेषेवर नाही.

मग भास्कराचार्य चुकले का? असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी रेखांशातला फरक काढण्याचा एक मार्ग म्हणजे चंद्रग्रहण दोन गावी कोणत्या स्थानिक वेळी दिसले ते ताडून पाहणे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून वाशिम-उज्जैन फरक पाचेक मिनिटांचा. पृथ्वीच्या सावलीची कड धूसर असते. नुसत्या डोळ्यांनी ग्रहणाचा स्पर्श मिनिटामिनिटाने नेमका टिपणे अवघड. शिवाय ही रेषा ग्रहगणितासाठी होती, आणि पाच मिनिटांत चंद्र अंशाचा जेमतेम विसावा भाग सरकतो. त्या कामापुरते वत्सगुल्म रेषेवर धरणे समंजसपणाचे होते.

यावर कोणी म्हणेल, अशी सूट दिली तर कोणतेही गाव रेषेवर बसवता येईल. म्हणूनच सूट किती, हे बिंदू तपासण्याआधी साधनाच्या अचूकतेवरून ठरवावे आणि ती सर्वांना सारखी लावावी. सहा मिनिटांची, म्हणजे दीड अंशाची सूट धरली तर वाशिम बसते, कुरुक्षेत्रही बसते. पण जवळपास चार अंश पूर्वेला असलेली कांची बाहेर पडते. दुसरा आक्षेप असा की मध्यरेषा वाशिममधूनच का धरू नये? जरूर धरावी, ग्रिनिचची रेषाही १८८४ मध्ये परिषदेत ठरावाने निवडली गेली. परंतु रेषा निवडणे एवढेच आपल्या हाती असते. निवड झाली की कोणता बिंदू तिच्यावर पडतो, हे मोजमापच सांगते. ग्रिनिचच्या वेधशाळेतली पितळी रेषासुद्धा आजच्या उपग्रह-मापनातल्या शून्य रेखांशापासून सुमारे १०२ मीटर पश्चिमेला आहे.

जिल्ह्यातल्या शाळांनी हे उदाहरण फळ्यावर घ्यावे. वत्सगुल्म बाराव्या शतकातल्या मोजणीच्या मर्यादेत मध्यरेषेवर बसते, आजच्या मोजणीत बसत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ती दोन्ही पुराव्यानिशी मांडू शकणारा विद्यार्थी भास्कराचार्यांचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे नेईल.